‘बरोबर’चे चिन्ह आणि मुलांची समज : पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या प्राथमिक शाळेत मूल पहिलीतच ‘पाच अधिक तीन बरोबर आठ’ असे म्हणू लागते. यातला ‘बरोबर’ हा शब्द मूळ फारसी. ‘बर’ म्हणजे छाती. छातीशी छाती भिडवून, एका ओळीत उभे असलेले ते बराबर. निजामाच्या राजवटीत उर्दू-दखनीच्या शेजारात वाढलेल्या आपल्या भागाला तो विशेष जवळचा आहे. मराठीत मात्र त्याचा रोजचा अर्थ ‘अचूक’ असाही होतो आणि वही तपासताना गुरुजी तोच शब्द उच्चारतात. ‘=’ या चिन्हापुढे अचूक उत्तर लिहायचे असते, अशी मुलांची समजूत होण्यात भाषेचाही थोडा वाटा असावा, असे मला वाटते.

तरीही सारा दोष शब्दाला देता येत नाही, कारण इंग्रजीतून शिकणारी मुलेही इथेच अडखळतात. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ विद्यार्थ्यांना ‘८ + ४ = ☐ + ५’ हे उदाहरण दिले होते. चौकटीत ७ हे उत्तर एकानेही लिहिले नाही. बहुतेकांनी १२, तर काहींनी सगळ्या संख्या मिळवून १७ लिहिले. पुढे २००८ मधील एका तुलनेत सहावीच्या चिनी मुलांपैकी सुमारे ९८ टक्के, तर अमेरिकी मुलांपैकी सुमारे २८ टक्के अशा उदाहरणांत यशस्वी ठरली. चिनी पुस्तकांत हे चिन्ह ‘पेक्षा मोठा’ आणि ‘पेक्षा लहान’ या चिन्हांच्या सोबतीने, तुलना म्हणून येते. म्हणजे अडचण वयाची किंवा बुद्धीची नसून मांडणीची आहे. उभ्या बेरजेत हे चिन्ह येतच नाही आणि आडव्या उदाहरणात ते नेहमी शेवटी, उत्तराच्या अलीकडे येते; ‘८ = ५ + ३’ किंवा ‘६ + २ = ५ + ३’ असे वर्षानुवर्षे समोरच आले नाही, तर मुलाने दुसरा अर्थ काढावा तरी कशावरून?

मोठ्यांनाही हे चिन्ह लवकर सुचले नव्हते. वेल्समधील वैद्य आणि गणिती रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठी दोन समांतर रेषा योजल्या, कारण त्यांच्याहून समान अशा दोन गोष्टी त्यांना दिसत नव्हत्या. तरी १६३७ मध्ये फ्रेंच गणिती देकार्त वेगळेच चिन्ह वापरत होते.

आपल्याकडच्या बीजगणितात तर चिन्हावाचूनच समानता मांडली जाई. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या परंपरेत समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक लिहीत : वर ‘या २ रू ५’, खाली ‘या ० रू ११’. ‘या’ म्हणजे यावत्तावत्, अज्ञात राशी. ‘रू’ म्हणजे रूप, ज्ञात संख्या. खालच्या ओळीत अज्ञात नसली तरी तिची जागा शून्याने राखलेली असे. या मांडणीत ‘उत्तराची बाजू’ अशी नसतेच; दोन्ही पक्ष आपापल्या जागी पूर्ण असतात आणि दोन्हींतून सारखेच वजा करून आणि मग दोन्हींना सारखेच भागून ‘या’ची किंमत ३ इथपर्यंत पोचायचे असते.

समीकरण शिकवताना फळ्यावर तराजू काढण्याची आपली रीत याच विचाराची आहे. मात्र आज मोंढ्यात सोयाबीनचे पोते इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते आणि समोर थेट आकडा उमटतो. एका पारड्यात माप, दुसऱ्यात ज्वारी आणि दांडी आडवी होईपर्यंत ओंजळीने घालणे-काढणे, हे दृश्य आताच्या मुलांनी क्वचितच पाहिलेले असते. म्हणून चित्राआधी खरा तराजू वर्गात आणावा लागतो.