मुरूम, चॉकलेट आणि १९६९ सालचा एक प्रयोग

आंबे फार खाल्लेस. शेंगदाणे बंद कर. पोट साफ होत नसेल. रक्तात दोष आहे. तोंड नीट धूत नाहीस. लग्न झालं की जातील. चेहऱ्यावर मुरूम दिसू लागले की घरोघरी हे ऐकावं लागतं. पण ही कारणं आई-आजीने मनाने रचलेली नाहीत. यातली बरीचशी एके काळी वैद्य-डॉक्टरच सांगत असत. वैद्यकाने मतं बदलली, घरांनी ती जपून ठेवली.

वयाशी असलेला संबंध मात्र फार पूर्वीच ध्यानात आला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांत, 'मुखदूषिका' येतात. तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या, असं त्यांचं वर्णन आहे आणि कारण म्हणून कफ, वात व रक्त सांगितलं आहे. निरीक्षण आजही जसंच्या तसं पटतं. कारणमीमांसा त्या काळच्या शास्त्राची आहे, पण 'रक्तशुद्धी'ची कडू काढे-सिरपं अजून तिच्याच जोरावर खपतात.

'पोट साफ नाही' हे कारण आपल्याकडे जुनंच, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला युरोपातूनही दुजोरा मिळाला. आतड्यात साठलेला मळ कुजतो, त्याचं विष रक्तात भिनतं, असा सिद्धान्त पॅरिसच्या शार्ल बुशार यांनी मांडला. लंडनचे शल्यचिकित्सक अर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठावर उपाय म्हणून मोठं आतडंच काढून टाकू लागले. पुढे हा सिद्धान्त मागे पडला, तरी जाहिरातदारांनी तो सोडला नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात पाव फुगवायचं यीस्ट 'पोट साफ करून पुटकुळ्या घालवणारं' म्हणून किशोरवयीन मुलांना विकलं जात होतं.

खरा धागा सापडला १९४१ साली. अमेरिकी संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी वयात येण्याआधीच वृषणांचं कार्य थांबलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. त्यांना मुरूम येत नव्हते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) दिल्यावर त्यांच्यातल्या काहींना आले. वयात येताना मुलामुलींच्या शरीरात अशी संप्रेरकं वाढतात, त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र मृत पेशींनी बुजतं, आत कायम वस्तीला असलेले जिवाणू वाढतात आणि जागा सुजते. लग्नाचा तोडगा कशामुळे 'लागू पडत' असे तेही यातून कळतं. पुष्कळांचे मुरूम विशीत आपोआप ओसरतात, आणि लग्नंही त्याच सुमारास होत. तिशीतल्या, दोन मुलांच्या आईला मुरूम आले की हा तोडगा कुणी आठवत नाही.

अस्वच्छतेच्या आरोपात तर काहीच दम नाही. ब्लॅकहेडचं काळं टोक मळाचं नसतं. छिद्रात अडकलेल्या ऐवजातल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचा आणि हवा लागून बदललेल्या तेलाचा तो रंग असतो. घासून तो जात नाही, त्वचा मात्र सोलवटते.

खाण्याची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्वचारोगतज्ज्ञ रुग्णांना चॉकलेट, गोड आणि तळलेलं वर्ज्य करायला सांगत. १९६९ साली फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन या तिघा संशोधकांनी त्याची परीक्षा घेतली. एकूण ६५ जण: ३० किशोरवयीन रुग्ण आणि ३५ तरुण कैदी. (क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं केलेले प्रयोग हा पुढे वैद्यकीय नीतिशास्त्रातला एक काळा अध्याय ठरला.) त्यांना चार आठवडे रोज नेहमीच्या दहापट चॉकलेट असलेली वडी दिली आणि नंतर तशीच दिसणारी बिनचॉकलेटची वडी, किंवा याच्या उलट क्रमाने. दोन्हींत मुरमांमध्ये फरक पडला नाही. निष्कर्ष निघाला की चॉकलेटचा संबंध नाही. पाठ्यपुस्तकांनी तो आणखी ताणला: आहाराचाच संबंध नाही.

गोम अशी की बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तितकीच होती. म्हणजे प्रयोगाने फार तर कोको निर्दोष ठरवला, साखरेची परीक्षा झालीच नाही. शिवाय खर्चाला अमेरिकेतल्या चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचा हातभार होता. तरीही पुढची तीसेक वर्षं डॉक्टर 'काय वाटेल ते खा' असं ठामपणे सांगत राहिले. मला हा गैरसमज आजीच्या गैरसमजाहून मोठा वाटतो, कारण याच्या पाठीशी शोधनिबंध होता.

२००२मध्ये लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या १२०० आणि पराग्वेतल्या ११५ आचे आदिवासींची पाहणी छापली. एकालाही मुरूम नव्हते. यात आनुवंशिकतेचा वाटा किती, हा आक्षेप रास्तच होता. मग २००७मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ४३ तरुणांवर १२ आठवडे प्रयोग केला. ज्यांच्या जेवणात रक्तातली साखर वेगाने वाढवणारे पदार्थ कमी केले, त्यांचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. दुधाशी, विशेषतः साय काढलेल्या दुधाशी संबंध दाखवणाऱ्या पाहण्याही आहेत, पण कार्यकारणाचा पुरावा तिथे कच्चा आहे. तेलकट खाल्लं म्हणून चेहरा तेलकट होतो, याला मात्र आधार मिळालेला नाही.

आपल्याकडचा आजचा घातक समज खाण्याचा नसून ट्यूबचा आहे. मेडिकलवाल्याने किंवा शेजारणीने सुचवलेलं क्रीम लावलं, चार दिवसांत चेहरा उजळला, म्हणजे गुण आला. अशा पुष्कळ क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. ते सूज आणि लाली तात्पुरती दाबतं, पण लावत राहिलं की त्यानेच मुरूम येतात, त्वचा पातळ होते, आणि थांबवलं की चेहरा भडकतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या १२ केंद्रांच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ जणांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यांच्यात सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम मुरमांचाच होता. २०१८मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण काउंटरवर नाव सांगून ट्यूब घेणं काही थांबलेलं नाही. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेली असतात. त्यांपैकी एकही मुरमांवरचं औषध नाही.