काळ्या पडद्यामागे: लिनक्स आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची पार्श्वभूमी

उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकून ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ची (ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) खिडकी उघडली की एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असणाऱ्यांसमोर भली मोठी यादी येते. वेगवेगळे आवृत्ती क्रमांक, कुठे पुढे ‘ओपन’, कुठे ‘सर्व्हर’, आणि तळाशी ‘नूवो’ हा खुला ड्रायव्हर. एखाद्यापुढे ‘टेस्टेड’ लिहिलेलं असतं, बाकी खुलासा काही नाही. एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स असेल तर हीच खिडकी बहुधा रिकामी दिसते. हा दुजाभाव आजचा नाही.

नव्वदच्या दशकात पडद्यावर चित्र उमटवणं हे कर्नेलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम नव्हतंच. एक्सफ्री८६ नावाचा प्रोग्राम थेट कार्डाशी बोलायचा आणि त्याची कॉन्फिग फाइल पुष्कळदा हाताने जुळवावी लागे. मॉनिटर किती किलोहर्ट्झ आडवी आणि किती हर्ट्झ उभी फ्रिक्वेन्सी झेपवतो, ते त्याच्या माहितीपुस्तिकेतून शोधून भरायचं. साध्या व्हीजीएला ३१.५ किलोहर्ट्झ चाले. भलताच आकडा पडला तर सीआरटी मॉनिटर जळू शकतो, असा इशारा सूचनांमध्येच असायचा. २००४ मध्ये एक्सफ्री८६ने परवान्याच्या अटी बदलल्या आणि बहुतेक डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या तयार संचांनी) त्याला रामराम ठोकून त्यातूनच फुटलेलं एक्स.ऑर्ग धरलं. त्या भांडणावर तेव्हा भरपूर शाई सांडली, पण माझ्या मते खरा टप्पा २००९चा. कर्नेल २.६.२९पासून, आधी इंटेलसाठी, पडद्याचं रिझोल्यूशन ठरवण्याचं काम कर्नेलने स्वतःकडे घेतलं. इन्स्टॉल करताना पडदा काळा पडला की ‘नोमोडसेट’ टाकून बघा, असं आजही सांगितलं जातं. त्या एका शब्दाने आपण कर्नेलला या कामापासून लांब ठेवतो.

ड्रायव्हर कर्नेलमध्ये आला आणि इथेच मेख होती. लिनक्स कर्नेल जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे, आणि त्याची आतली रचना स्थिर ठेवण्याचं वचन कोणी कोणाला दिलेलं नाही. ड्रायव्हरचा कोड कर्नेलमध्येच असेल तर रचना बदलणारा तोही दुरुस्त करून ठेवतो. बाहेर असेल तर ज्याचं त्याने निस्तरायचं.

एनव्हिडियाने बाहेरचा, बंद कोडचा रस्ता धरला. त्यामुळे कर्नेल बदललं की मॉड्यूल (कर्नेलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा भाग) नव्याने बांधणं आलं. हे काम डेल कंपनीत तयार झालेलं डीकेएमएस हे साधन आपोआप करतं. नव्या कर्नेलच्या हेडर फाइल्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या) नसल्या की मात्र अडून बसतं, आणि आपल्याला ते पुढच्या बूटला कळतं. फक्त सही असलेला कोडच चालू देणारं सिक्युअर बूट आल्यावर त्यात डिजिटल सहीची भर पडली. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो आणि तिथे ‘एन्रोल मॉक’ (सहीची चावी नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की ड्रायव्हर टाकलेला असूनही लोड होत नाही. ‘सगळं नीट केलं तरी चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हाच निळा पडदा असतो.

एटीआय या दुसऱ्या ग्राफिक्स कंपनीचा बंद ड्रायव्हर याहून डोकेदुखीचा होता. पण २००६ मध्ये एएमडीने ती कंपनी घेतली, २००७च्या सप्टेंबरमध्ये कार्डांची तांत्रिक माहिती खुली करायचं जाहीर केलं, आणि २०१५ मध्ये एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नेल ४.२मध्ये दाखल झाला. रिकामी खिडकी ही त्याचीच फळं.

एनव्हिडियाच्या बाबतीत काही हौशी मंडळींनी कार्डाचं वागणं बाहेरून न्याहाळून नूवो हा ड्रायव्हर लिहिला. २०१०च्या कर्नेल २.६.३३मध्ये तो आला. मग २०१४ पासून, मॅक्सवेल या कार्डांच्या मालिकेच्या दुसऱ्या पिढीपासून, कार्डं फक्त कंपनीची सही असलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) मानू लागली. तेव्हापासून त्या कार्डांचा वेग वाढवणं नूवोच्या हातात उरलं नाही. बूट होताना जो वेग असेल त्यावरच ती रखडत चालतात.

लॅपटॉपवाल्यांचे हाल वेगळेच. एनव्हिडियाच्या ऑप्टिमस तंत्रात पडदा इंटेलकडे, जड काम एनव्हिडियाकडे, आणि लिनक्ससाठी अधिकृत सोय सुरुवातीला नव्हतीच. २०११ मध्ये बंबलबी हा उपाय निघाला. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका आवृत्तीत एक स्पेस जास्त पडली आणि एका फोल्डरऐवजी बहुतेक प्रोग्राम जिथे असतात ते अख्खं ‘यूएसआर’ पुसलं जाऊ लागलं! २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, तेही ऑप्टिमसबद्दलच्याच प्रश्नावर.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नेलमधल्या मॉड्यूलचा कोड खुला केला. यादीतलं ‘ओपन’ ते हेच. अर्थात बरंचसं गुपित कार्डावरच्या जीएसपी प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये हलवलेलं आहे, आणि ओपनजीएल, व्हल्कन (दोन्ही चित्रांसाठी), कुडा (आकडेमोडीसाठी) यांचे कंपनीचे भाग अजून बंदच आहेत. तरी जीएसपीमुळे नूवोलाही कार्डाचा वेग वाढवायची वाट मिळाली, आणि त्यावर मेसा या खुल्या ग्राफिक्स प्रकल्पात एनव्हीके हा खुला व्हल्कन ड्रायव्हर उभा राहिला.

हे सारं २०१८च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी. म्हणजे जीटीएक्स १६५०वाल्याने ‘ओपन’ निवडावं. त्याआधीच्या पिढीतल्या १०५० टीआयवर तो चालत नाही. त्या पिढीला बंद ड्रायव्हरच घ्यावा लागतो, आणि तिला चालणारी शेवटची शाखा, म्हणजे ड्रायव्हरच्या आवृत्त्यांची मालिका, ५८०.