संकटातली संधी आणि धनुष्याचा चाप

शेअर बाजार कोसळला की व्हॉट्सॲपवर एक जुना सुविचार हमखास फिरतो: चिनी भाषेत 'संकट' दोन चिन्हांनी लिहितात, एक धोक्याचे, दुसरे संधीचे. जॉन केनेडी यांनी 1959 मध्ये इंडियानापोलिसच्या भाषणात हेच सांगितले होते. ऐकायला छान आहे, पण चूक आहे.

शब्द आहे 'वेइची'. 'वेइ' म्हणजे धोका, इथवर ठीक. घोळ आहे तो 'ची'चा. (रोमन लिपीत तो J या अक्षराने लिहितात म्हणून आपण 'जी' म्हणतो, खरा उच्चार 'चिंच'मधल्या च च्या जवळचा.)

जुन्या पद्धतीने हे चिन्ह 16 रेघांचे. डावीकडे झाड, म्हणजे वस्तू लाकडाची. उजवा भाग मुख्यतः उच्चार सुचवण्यापुरता. बहुसंख्य चिनी चिन्हे अशीच अर्धी अर्थाची, अर्धी आवाजाची असतात. प्रत्येक चिन्ह म्हणजे चित्र, हा दुसरा लाडका गैरसमज. 1956 च्या सुलभीकरणात चीनने याच्या 6 रेघा केल्या. गंमत म्हणजे तेच 6 रेघांचे चिन्ह जपानमध्ये 'टेबल' म्हणून वाचतात.

पण लाकडाची ही वस्तू कोणती? इ.स. 100 च्या सुमारास शू शेन या कोशकाराने लिहिले, की सुटणे ज्याच्या ताब्यात असते ते 'ची'. आडव्या धनुष्याचा, म्हणजे क्रॉसबोचा, चाप डोळ्यांपुढे आणा. चीनमध्ये शीआन शहराजवळ जमिनीत पुरलेल्या मातीच्या सैनिकांसोबत असे चाप सापडले आहेत, फक्त ते काशाचे. रचना बघण्यासारखी आहे. दोन खिळ्यांवर फिरणारे तीन तुकडे. वरचा 'दात' ताणलेली दोरी अडवून धरतो. दाताला मधला अडसर धरतो, अडसराला खालची पट्टी. दोरीचा सगळा ताण दातावर असतो, पण दात अडसराला टेकलेला असल्यामुळे बोटाला तो फारसा जाणवत नाही. पट्टी जराशी मागे ओढली की अडसर निसटतो, दात पुढे लोळतो आणि बाण सुटतो. सुटला तो सुटला, परत घेता येत नाही.

मराठीत याला नेमका शब्द आहे: कळ. कळ दाबणे, कळसूत्री बाहुली, कळफलक. 'ची' तसाच पसरला. यंत्र म्हणजे ची. 'फेइची', उडणारे यंत्र, म्हणजे विमान. 'शोउची', हातातले यंत्र, म्हणजे मोबाइल. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या नावातही तो आहे. आणि जिथे कळ फिरते, तो क्षणही 'ची'. त्याला 'हुएइ' जोडले तर 'चीहुएइ', म्हणजे संधी. एकट्या 'ची'चा अर्थ संधी असा लावायचा, तर मोबाइल म्हणजे 'हातातली संधी' म्हणावे लागेल. वेइचीतला ची हा कळ फिरण्याचा क्षण आहे: अडसर निसटण्याच्या बेतात आहे आणि बाण कुणाकडे रोखलाय, कोण जाणे. अशा वेळी माणूस जीव वाचवतो, शेअर विकत घेत नाही. चिनी भाषेचे अभ्यासक व्हिक्टर मेयर हे कधीपासून सांगत आहेत, पण व्यवस्थापनाच्या शिबिरांना सुविचारच हवा असतो.

तरीही पटत नसेल तर मराठीत करून बघा. संधी म्हणजे सांधा, आणि संधी म्हणजे मोकाही. आता गुडघे धरून बसलेल्या आजीला सांगा, की आजी, तुमच्या संधिवातातच संधी दडली आहे.