परदेशी निधी ‘आपल्यासाठी नसतो’? खुलासा

“मानववंशशास्त्राचा परदेशी निधी गोऱ्यांच्या विद्यापीठांनाच मिळतो, नाद सोड,” असा सल्ला साताऱ्यातल्या पोरांना सर्रास मिळतो. साफ चूक. न्यूयॉर्कचं वेनर-ग्रेन फाउंडेशन (१९४१ साली वायकिंग फंड म्हणून सुरू झालेलं) अर्जदाराचं नागरिकत्व बघत नाही. प्रबंधाच्या निधीला पीएचडीची नोंदणी लागते, विद्यापीठ कुठल्याही देशातलं चालतं. दिवाळीनंतर फलटणकडून मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर (तळावर) राहून पीएचडीचा अभ्यास करायचाय? प्रवास, मुक्काम असा क्षेत्रकामाचा खर्च त्यात बसतो. विद्यापीठाचा प्रशासकीय वरखर्च त्यात बसत नाही. मात्र ‘धनगरांचा अभ्यास’ एवढं लिहून भागत नाही, नेमका प्रश्न मांडावा लागतो. आपली गाडी बहुधा तिथंच अडते, असं माझं मत. बाकी ‘सेपियन्स’ हे या फाउंडेशनच्याच पाठबळावर सुरू झालेलं मानववंशशास्त्राचं ऑनलाइन नियतकालिक, वाचायला फुकट.