पेलिकनचं पिल्लू आणि लसूणघासाचे पट्टे

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या अनाकापा बेटावर १९७० साली तपकिरी पेलिकन या मासेखाऊ पक्ष्याच्या ५५० हून अधिक जोड्यांनी घरटी केली. त्या हंगामात पंख फुटून उडायला लागलं ते एकच पिल्लू. घरट्यांत दबून चपटी झालेली, फुटकी अंडी पडली होती, आणि ती फोडली होती ती उबवायला बसलेल्या आईबापांनीच.

पेलिकनची अंडी उबवण्याची तऱ्हा वेगळी आहे. बहुतेक पक्ष्यांच्या पोटावर त्या दिवसांत उघड्या कातडीचा भाग तयार होतो आणि त्याची ऊब अंड्यांना मिळते. पेलिकन मात्र आपले रुंद, पडद्यांचे पंजे अंड्यांवर ठेवून बसतो. पंजांतून वाहणाऱ्या रक्ताची ऊब कवचातून आत पोचते. पक्षी तीन-चार किलोचा. कवच धड असेल तर हा भार सहज पेलला जातो. ही कवचं धड नव्हती, फार पातळ होती.

कवचं पातळ होण्याचा छडा आधी ब्रिटनमध्ये लागला. पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी छंदिष्टांनी जमवलेली बहिरी ससाण्याची जुनी अंडी मोजली, वजन केली आणि १९६७ साली दाखवून दिलं की १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कवचं अचानक पातळ झाली आहेत. शेतात डीडीटी हे कीटकनाशक आलं ते याच सुमारास. डीडीटीचं विघटन होऊन डीडीई तयार होतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मुरतं. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांतून, म्हणजे प्लवकांतून, ते अँकोव्ही या छोट्या माशांत जातं आणि हजारो अँकोव्ही खाणाऱ्या पेलिकनमध्ये साठत राहतं. मादीच्या शरीरात जिथे कवच घडतं, तिथे डीडीई कॅल्शियमची वाट अडवतं. मादी जिवंत असते, उडते, मासे पकडते, अंडीही घालते. विष दिसतं ते थेट पुढच्या पिढीत.

अनाकापाजवळच्या समुद्रात हे विष मुख्यतः डीडीटी बनवणाऱ्या लॉस एंजेलिसच्या मॉन्ट्रोज केमिकल कंपनीच्या सांडपाण्यातून आलं होतं, हे स्पष्ट सांगायला हवं. पण कारखाना चालतो तो गिऱ्हाइकांवर. अमेरिकेत बंदी येण्याच्या सुमारास डीडीटीचा बहुतांश वापर एकाच पिकावर होत होता: कापूस. म्हणून पेलिकनच्या पिल्लाचा विचार करताना मला कपाशीच्या शेतापर्यंत मागे जावंसं वाटतं.

त्याच कॅलिफोर्नियात, सॅन होकिन खोऱ्यात, कपाशीच्या शेजारी जनावरांच्या चाऱ्यासाठी लसूणघास लावत. लायगस नावाचा रसशोषक ढेकूण या घासावर सुखाने राहतो आणि चाऱ्याचं फारसं नुकसान करत नाही. पण सगळं शेत एकदम कापलं की तो बेघर होऊन कपाशीवर उतरतो, कोवळ्या पात्यांतला, म्हणजे फुलांच्या कळ्यांतला, रस शोषतो आणि पातेगळ सुरू होते. मग फवारणी. फवारणीत कीड खाणारे मित्रकीटकही मरतात, आणि त्यांनी आवरून धरलेल्या अळ्या आणि पिकाचा रस शोषणारे सूक्ष्म कोळी उसळी घेतात. मग पुन्हा फवारणी.

कीटकशास्त्रज्ञ व्हर्नन स्टर्न यांनी सुचवलेला उपाय अगदी साधा होता. घास पट्ट्यापट्ट्यांनी कापायचा. एक पट्टा कापला की शेजारचा उभा ठेवायचा. लायगस उडून त्या उभ्या घासात जातो आणि कपाशीकडे फिरकत नाही. स्टर्न आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९५९ साली मांडलेल्या एकात्मिक कीड नियंत्रणाच्या विचारात आर्थिक नुकसानीची पातळी ही कल्पना आली: कीड दिसली म्हणून औषध मारायचं नाही, होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाला पुरून उरेल तेव्हाच मारायचं. माझ्या मते शेतीविज्ञानातल्या सर्वांत मोठ्या कल्पनांपैकी ही एक आहे, आणि तिची आठवण फार कमी निघते.

डीडीटीवरची अमेरिकेतली बंदी १९७२ च्या अखेरीस लागू झाली. मॉन्ट्रोजचं पाणी त्याआधीच गटारातून समुद्रात जायचं थांबलं होतं. अँकोव्हींतलं डीडीटी झपाट्याने उतरलं आणि काही वर्षांतच बेटावर पिल्लं शेकड्यांनी वाढू लागली. २००९ साली तपकिरी पेलिकन अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. समुद्रतळाच्या गाळात मात्र ते विष अजून आहे. शेजारच्या सांताक्रूझ बेटावर टकल्या गरुडाचं पिल्लू माणसाच्या मदतीशिवाय अंड्यातून बाहेर यायला २००६ साल उजाडलं.

भारतात शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली. आजची बहुतेक कीटकनाशकं डीडीटीसारखी वर्षानुवर्षं साठून राहत नाहीत, हा खरा दिलासा आहे. पण त्यांतली कित्येक मासे आणि पाण्यातल्या किड्यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक आहेत, आणि यवतमाळच्या कपाशीवरून वाहिलेलं पावसाचं पाणी वर्धा-पैनगंगेतून प्राणहिता, तिथून गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर गाठतं. सेंद्रिय किंवा शाश्वत शेतीची चर्चा आपल्याकडे ताटातल्या भाजीपाशी थांबते. ती नदीच्या मुखापर्यंत जायला हवी.

स्टर्न यांचा विचार विदर्भात आज कामगंध सापळ्याच्या, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्याच्या, रूपात पोचला आहे. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच सापळे लावायचे आणि रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले तरच फवारणीचा निर्णय घ्यायचा. पाच-सहाच येत असतील तर पंप घरी राहतो, औषधाचे आणि मजुरीचे पैसे वाचतात, आणि ढालकिडे व क्रायसोपा हे मित्रकीटक शेतातच राहून मावा खात राहतात.