पहिल्या गीझरला टाकी नव्हती

लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ साली पाणी वाहता वाहता तापवणारं यंत्र बनवलं आणि त्याला आइसलंडमधल्या उसळत्या गरम झऱ्यावरून 'गीझर' असं नाव दिलं. त्याला टाकी नव्हतीच. टाकीवाले हीटर मागाहून आले, तरी नाव त्यांनाही चिकटलं. आता हॉटेलं, व्यायामशाळा, वसतिगृहं पुन्हा बिनटाकीच्या हीटरकडे वळत आहेत, आणि खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न हमखास येतो: 'किती लिटरचा घ्यायचा?'

इथे हा प्रश्नच लागू पडत नाही. विचारायचं ते हे, की मिनिटाला किती लिटर आणि किती अंशांनी तापवायचं. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, आणि यात कुठल्याही यंत्राला सूट नाही. शॉवरमधून मिनिटाला १० लिटर पाणी येतं आणि ते १० अंशांवरून ४० वर न्यायचं आहे असं धरा. एवढ्या एका शॉवरला २१ किलोवॅट, म्हणजे सेकंदाला २१ किलोज्यूल, लागतात! टाकीचा ३ किलोवॅटचा हीटर १०० लिटर पाणी तेवढंच तापवायला तास-सव्वा तास घेतो. त्याला घाई नसते. बिनटाकीच्या यंत्राला मात्र पाणी नळीतून जाईपर्यंतच्या काही क्षणांत सगळं उरकायचं असतं. येणारं पाणी मुळातच २५ अंशांचं असेल, तर तेच यंत्र दुप्पट पाणी देतं. म्हणून माहितीपत्रकातला लिटरचा आकडा वाचताना त्यात तापमानवाढ किती धरली आहे ते आधी बघावं, आणि आपला हिशेब वर्षातल्या सगळ्यात गार सकाळचा धरावा.

मग प्रश्न उरतो, एका वेळी नळ किती उघडतात? सगळे एकदम उघडत नाहीत हे कुणालाही कळतं, पण किती उघडतील याचं गणित संभाव्यतेच्या आधारे मांडलं ते अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या रॉय हंटर यांनी, १९४० साली. त्या पद्धतीचा वापर जगभर झाला. मात्र तिचा पाया असा, की प्रत्येक जण आपापल्या वेळेला नळ उघडतो. कार्यालयात हे बरंचसं खरं असतं. व्यायामशाळेत वर्ग सुटला की सगळे शॉवर पाच मिनिटांत चालू होतात; तिथे गर्दीचं ते एक मिनिट मोजूनच यंत्र निवडावं लागतं. दहा शॉवर म्हणजे २१० किलोवॅट. एवढा भार विजेवर टाकायचा तर इमारतीचा वीजजोडच बदलावा लागेल. अशा जागी गॅसची तीन-चार यंत्रं समांतर जोडणं, किंवा जोडीला साठ्याची टाकी ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. समांतर जोडणीत एक यंत्र बंद पडलं तरी आंघोळी थांबत नाहीत.

कार्यालयातल्या हात धुण्याच्या बेसिनचं दुखणं वेगळंच आहे. घड्याळ घेऊन शेवटच्या बेसिनपाशी उभे राहा. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर पाइपात जवळपास पावणेपाच लिटर पाणी थंड होऊन पडलेलं असतं. नळ मिनिटाला चार लिटरचा असेल, तर गरम पाणी यायला सत्तर सेकंद लागतात. तोवर हात धुऊन माणूस गेलेलाही असतो. इथे बेसिनखाली बसणारा चार-पाच किलोवॅटचा छोटा विजेचा हीटर मध्यवर्ती यंत्रापेक्षा केव्हाही बरा.

टाकी नाही म्हणून जंतूंची काळजी मिटली, असंही समजू नये. लिजिओनेला हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. टाकी काढली तर साठा कमी होतो, पण कधीच न वापरल्या जाणाऱ्या पाइपाच्या फाट्यात पाणी साचून राहतंच.

आणि क्षार. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट कमी विरघळतो आणि तापत्या पृष्ठभागावर बसतो. या यंत्रांतल्या नळ्या अरुंद, त्यामुळे त्या लवकर चोंदतात. जड पाणी वापरणाऱ्या यंत्राची नळी कापून पाहिली, तर आत पांढरट, खरबरीत थर नखाला लागतो. तो सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने विरघळतो, पण द्रावण आत फिरवायला यंत्राच्या दोन्ही बाजूंना बंद करायचे व्हॉल्व्ह आणि धुण्याची तोंडं हवीत. ती यंत्र बसवतानाच बसवून घ्यावीत.