नागरिकांसाठी सैनिकी धर्तीचे प्रशिक्षण

शस्त्रे आणि युद्धकौशल्य वगळून, सैन्यातील प्रशिक्षणाच्या पद्धती वापरून सर्वसामान्य नागरिकांची तग धरण्याची ताकद आणि गट चालवण्याची क्षमता वाढवणारा कार्यक्रम. विद्यार्थी, आपत्ती निवारणाचे स्वयंसेवक, रुग्णालये व कंपन्यांतील कर्मचारी हे नेहमीचे प्रशिक्षणार्थी. ओरडून दिलेले हुकूम आणि शिक्षा म्हणून काढायला लावलेले जोर ही त्याची लोकांच्या मनातली ओळख असली, तरी परिणाम साधतो तो टप्प्याटप्प्याने वाढवलेली अडचण, आळीपाळीने मिळणारे नेतृत्व आणि कामानंतरचा परखड आढावा यांमुळे.

१९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनी चालवणारे लॉरेन्स होल्ट यांनी साहसी प्रशिक्षण देणाऱ्या ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. जहाज बुडाल्यावर होडीत अडकलेले तरुण, धडधाकट खलाशी मुरलेल्या वयस्क खलाशांच्या आधी हाय खातात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते; ती उणीव भरून काढणे हा शाळेचा हेतू होता. १९४२ पासून ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडण्यासाठी नेता न नेमलेल्या गटाला काम देण्याची पद्धत आणली. भारतात सैन्यदलांचे अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या गटचाचण्या त्याच परंपरेतल्या. पुढे उलटी देवाणघेवाणही झाली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात शाळकरी मुलांसाठी तयार झालेला मनोबलाचा अभ्यासक्रम अमेरिकी सैन्याने २००९ मध्ये उचलला आणि सार्जंटांना दहा दिवसांत त्याचे प्रशिक्षक बनवायला सुरुवात केली.

गटकार्य. आठ ते दहा जणांचा गट, दोन फळ्या, एक दोर, एक पिंप आणि पलीकडे न्यायचे ओझे एवढे साहित्य पुरते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेमधली जमीन ‘निषिद्ध’. तिथे माणसाचा पाय किंवा साहित्य टेकले की मागे यायचे. चार फुटांपेक्षा रुंद अंतर उडी मारून पार करायचे नाही, दोन ताठ वस्तू एकमेकींना बांधून लांब करायच्या नाहीत. साधारण ४० मिनिटे मिळतात. फळीचे पुढचे टोक अधांतरी ठेवून मागे दोघांनी वजन दिले, की तिसरा पुढच्या टेकूपर्यंत पोचतो. मग ते वजन देणारे दोघे कसे येणार? पलीकडे गेलेल्याने फळीचे टोक ओढून टेकूवर घ्यायचे आणि दोराने बांधायचे, हे ज्याला आधी दिसते तो बहुधा सर्वांत मोठ्या आवाजाचा नसतो. म्हणूनच दर फेरीला गटनायक बदलतात. न बदलल्यास दोघेतिघेच नेतृत्व शिकतात आणि बाकीचे ओझी वाहतात.

आदेश. गटनायकाने काम पाच भागांत सांगायचे: परिस्थिती, उद्दिष्ट, कोण काय करणार, साहित्य, आणि संपर्क कसा ठेवायचा. उद्दिष्टाबरोबर ते कशासाठी, हेही सांगणे आवश्यक. योजना कोलमडली तर हेतू माहीत असलेली माणसे स्वतः मार्ग काढतात. हाती असलेल्या वेळेचा एकतृतीयांश भाग नायकाने नियोजनाला घ्यावा, उरलेला गटाला तयारीसाठी सोडावा. ‘समजले का?’ या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात, म्हणून प्रत्येकाकडून आपापले काम वदवून घेतात.

आढावा. अमेरिकी सैन्यात १९७० च्या दशकात रुजलेली ही पद्धत या प्रशिक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि वेळ कमी पडला की नेमकी तीच कापली जाते. काम संपताच, घाम वाळण्याआधी, २० ते ३० मिनिटे गोल बसून चार प्रश्न घेतात: काय व्हायला हवे होते, काय झाले, फरक का पडला, पुढच्या वेळी काय तसेच ठेवायचे आणि काय बदलायचे. पहिल्या दोन उत्तरांवर एकमत झाल्याशिवाय तिसऱ्याकडे जायचे नाही, नाहीतर दोषारोप सुरू होतात. गटनायक आणि प्रशिक्षक शेवटी बोलतात. लगेच त्याच कामाची दुसरी फेरी दिली, तर शिकलेले अंगात भिनते.

निव्वळ दरारा आणि शिक्षेवर उभी केलेली शिबिरे फसल्याचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेत १९८३ पासून गुन्हेगारांसाठी ‘बूट कॅम्प’, म्हणजे सैनिकी शिस्तीची शिबिरे, सुरू झाली. तिथून सुटलेल्यांचे पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी नव्हते, असे एकत्रित अभ्यासांतून दिसले. अपमानाने आज्ञाधारकपणा येतो, तोही प्रशिक्षक समोर असेपर्यंत. झोप तोडण्याचेही तसेच: सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, त्यामुळे अशा अवस्थेत दोर, पाणी किंवा उंचीवरची कामे देऊ नयेत.

शारीरिक भाग हळूहळू वाढवावा. नवख्याच्या पाठीवर शरीराच्या वजनाच्या १० टक्के ओझे पुरे. सरावलेल्यांनीही एकतृतीयांश ओलांडू नये. उष्णतेला शरीर सरावायला १० ते १४ दिवस लागतात. पाणी तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाजू नये, रक्तातले सोडियम घसरते. उन्हातल्या श्रमात कोणी झोकांड्या देऊ लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजून जागेवरच गार पाण्यात बसवून थंड करावे, आणि मगच रुग्णालयात हलवावे. पहिल्याच दिवशी शेकडो जोर-बैठका काढायला लावल्यास स्नायू फुटून त्यांतले घटक रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. स्नायू सुजणे, असह्य दुखणे आणि गडद तपकिरी लघवी ही त्याची लक्षणे एक ते तीन दिवसांनी, म्हणजे बहुधा शिबिर संपून घरी गेल्यावर दिसतात. ती निरोपाआधी प्रत्येकाला सांगून ठेवावीत.